ढगांचं दुकान

साठाव्या दिवशी दुपारचे चार वाजून गेले, तरी गादीवाले काका आले नाहीत.

नावबाईने खिडकीतून मान काढून जिन्याकडे पाहिलं. नोंदणी कार्यालयात धंद्यांची नावं राखून ठेवायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला नावबाईच म्हणत. नियम तिला झोपेतही पाठ होते. नाव दुसऱ्या कोणाच्या नावासारखं नको, उच्चारातही नको. सरकारी थाटाचं नको. गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारं तर नकोच. एवढ्या चाळण्यांतून उतरलं की नाव साठ दिवस राखीव. तेवढ्यात धंदा नोंदवायचा, नाहीतर साठाव्या दिवशी पाचच्या आत पुन्हा अर्ज द्यायचा. तो चुकला, तर दुसऱ्या सकाळी दहाला नाव मोकळं. मग पहिला येईल त्याचं.

गादीवाले काका सहा वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

पहिल्यांदा त्यांचा अर्ज वाचून ती हसली होती. "'ढगांचं दुकान'? काका, ढग विकणार आहात का? दिशाभूल होते लोकांची."

"उशा विकायच्या आहेत," काका म्हणाले होते. भुवयांवर कापसाचे तंतू, आवाज अगदी मऊ. "डोकं टेकून बघा, मग सांगा दिशाभूल आहे का."

तिने मुकाट्याने शिक्का मारला होता.

तेव्हापासून ते दुकान तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. दुपारी पंखा संथ फिरू लागला, जडावलेल्या पापण्या मिटल्या, की ते उघडायचं. पांढरंशुभ्र. छतापर्यंत उशाच उशा. आत पाऊल वाजायचं नाही, लोक आपोआप कुजबुजत बोलायचे, आणि घासाघीस करता करता गिऱ्हाइकाला डुलकी लागायची. नावबाई त्या दुकानात इतक्यांदा जाऊन आली होती, की कोणत्या फळीवर कोणती उशी तेही तिला ठाऊक होतं.

"मग, कधी उघडताय?" ती दर वेळी विचारायची.

"अजून वेळ आली नाही," काका म्हणायचे, आणि कडू औषधाची पुडी ठेवावी तसा तो कागद घडी करून खिशात ठेवायचे.

आणि आज त्यांचा पत्ता नव्हता. पाच वाजले. खिडकी बंद झाली.

रात्रभर तिच्या स्वप्नात ते दुकान वाऱ्यावर वाहत दूर दूर जात राहिलं. सकाळी उठली ती मनाशी ठरवूनच. कार्यालयातल्या माणसाला स्वतःच्या नावे अर्ज करता येत नसे. उघड झालं असतं तर नोकरीवर गदा आली असती. तरी तिने खालच्या मजल्यावर टंकलेखन करणाऱ्या नणंदेला गाठलं.

"वहिनी, मी कधीपासून उशा विकायला लागले?"

"सही कर गं. काका बरे झाले की त्यांना परत द्यायचं."

"आजारी आहेत?"

"असतीलच. एरवी चुकायचे नाहीत ते."

दहाच्या ठोक्याला पहिला शिक्का त्या अर्जावर पडला. आणि दहा वाजून दहा मिनिटांनी खिडकीपाशी एक तरुण बाई उभी राहिली. हातात प्रवासाची पिशवी, डोळ्यांत जागरण.

"'ढगांचं दुकान' हे नाव हवंय मला."

नावबाईने नोंदवही मिटून घेतली. "राखीव आहे."

"आज मोकळं असेल असं कळलं होतं."

कळलं होतं! म्हणजे आतल्या कोणाशी तरी संधान होतं हिचं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढायला निघाली होती. नावबाईचा आवाज कोरडा झाला. "चुकीचं कळलंय तुम्हाला."

"सहा वर्षं टपालाने विचारतेय. दर वेळी 'राखीव' एवढंच उत्तर येतं. या वेळी म्हटलं स्वतः जावं." तिने पिशवी खाली ठेवली. "नीट बघता का एकदा?"

"बघितलंय."

त्या बाईने भरून आणलेला अर्ज हळूच दोन तुकडे करून टोपलीत टाकला. रागाने नाही, सावकाश. "माझंच चुकलं. पुन्हा विश्वास ठेवला." मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "दोनची बोट मिळेल. आता परत यायचं कारण उरलं नाही."

जिना उतरेपर्यंत नावबाई तिच्या पाठीकडे पाहत राहिली. मन पिसासारखं हलकं झालं होतं. त्या दुपारी ती पुन्हा त्या पांढऱ्या दुकानात जाऊन आली, आणि या वेळी तिला वाटलं, की यातल्या एका फळीवर आपलाही थोडा हक्क आहे.

साडेचारला गादीवाले काका आले. आजारी मुळीच दिसत नव्हते. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, हातात नव्या कुलपाच्या किल्ल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते हसत होते.

"पुढची खोली रिकामी करून रंगवली," ते म्हणाले. "अख्खा आठवडा त्यातच गेला."

"म्हणजे वेळ आली म्हणा की!" नावबाईला आनंद आवरेना. "आणि काल तुम्ही आला नाहीत म्हणून घाबरू नका. आज सकाळी एक बाई टपकली होतीच नाव न्यायला. पण मी तिच्या आधीच माझ्या नणंदेच्या नावाने राखून ठेवलं. हात हलवत परत गेली ती. आता दोनच्या बोटीने गेलीही असेल, पुन्हा नाही यायची."

तिने कागद पुढे सरकवला. काकांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी खिडकीची चौकट धरली.

"बाई," ते म्हणाले, "ते नाव माझ्या मुलीचं. तिने दुकान काढू नये, म्हणून सहा वर्षं मी ते अडवून धरलं. आज सकाळी तिला मिळावं, म्हणून तिला पत्राने कळवलं, आणि काल मुद्दामच आलो नव्हतो."