बुडबुडी आणि तळघरातली बाई

“उठा उठा, तळं जागं झालं!”

एके काळी रोज संध्याकाळी घराघरांतून हा आवाज ऐकू यायचा. पाण्यावरून खडा टुणटुणत जावा तसा हलका, ओला. कार्टूनमधल्या बुडबुडी नावाच्या बदकाच्या पिल्लाचा. त्या बुडबुडीला आवाज द्यायची ती आई. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाला कायमचा चरा पडला, आणि बुडबुडी दुसऱ्याच एका मुलीच्या गळ्यात जाऊन बसली. बघणाऱ्यांना फरकही कळला नाही.

आता त्या चरा पडलेल्या आवाजालाच काम मिळालं होतं. ‘तळघर’ नावाच्या भुताच्या व्हिडिओ गेममध्ये जिन्याखालून हाका मारणारी बाई. गेम चालला. दुसरा भाग करता का, म्हणून स्टुडिओतून फोन आला होता. उद्या हो की नाही ते कळवायचं होतं. आणि आईचं उत्तर अडलं होतं लेकीपाशी. जगातल्या झाडून साऱ्या कार्टूनांवर, साऱ्या गेमांवर मत असणारी ही पोरगी या एका गेमबद्दल अवाक्षर काढत नव्हती. तिला हा आवाज ऐकवत नसला, तर आई तो पुन्हा माइकपुढे नेणार नव्हती. तसं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आज लेकीला सुट्टी. भर दुपारी, पडदे सताड उघडे ठेवून तिनं टीव्हीवर गेम लावला आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसली. आई शेजारी येऊन टेकली.

“भुताचा खेळ असा उन्हात खेळतात होय गं?”

“भित्र्या भागूबाया असाच खेळतात.”

पडद्यावरची मुलगी हातात बॅटरी घेऊन अंधाऱ्या घरात शिरली. लेकीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“जिना झकास जमलाय. पाय ठेवायच्या आधीच करकरतो, तिथेच पोटात गोळा येतो. पण किल्ली दर वेळी फ्रिजमध्येच का? घर कुणाचं आहे हे, विसरभोळ्या मावशीचं? आणि हा आरसा उगाचच. दुसऱ्या गेममधून उचललाय सरळ.”

आणि मी? आईच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

तेवढ्यात जिन्याखालून हाक आली. वाळलेल्या पानांवरून काहीतरी ओढत न्यावं तशी.

“आलीस? ये. जवळ ये गं.”

खेळाचा नियम साधा होता. हाक आली की कपाटात लपायचं आणि श्वास रोखून बसायचं. लेक लपली नाही. पडद्यावरची मुलगी हाकेच्या रोखानं वळली, सरळ चालत गेली. अंधारातून दोन हात आले, पडदा लाल झाला. खेळ खलास.

“अगं, कपाट होतं ना डावीकडे!”

“दिसलं मला.”

तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा जिना, पुन्हा हाक. पुन्हा ती मुलगी गुपचूप हाकेकडे निघाली. आतल्या खोलीत इस्त्री करणारे बाबा तिथूनच ओरडले, “पळ म्हणावं तिला! भूत घरचं असलं म्हणून काय पाहुणचार घ्यायचा?”

लेक हसली नाही. आईच्या मनात आलं, भीतीसुद्धा वाटू नये, इतकं वाईट झालंय का आपलं काम?

“खरं सांग,” ती म्हणाली. “तू कुणाचंही मन राखत नाहीस, माझंही राखू नकोस. नसेल आवडला हा आवाज, तर उद्या नाही म्हणून कळवते. मला काही वाटायचं नाही.”

लेकीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“बुडबुडी आठवते तुला?”

आईला हसू आलं. बुडबुडी आठवते का, हे तिला विचारायचं! त्या आवाजासाठी तिनं काय काय केलं होतं. स्टुडिओतून घरी आली की ओठ मिटायचे, उद्याच्या रेकॉर्डिंगपर्यंत. पिल्लाचा तो कोवळा आवाज घरात ओरडण्यावर, रागावण्यावर उधळून चालत नव्हतं. टाळी वाजली की जेवायला यायचं, चुटकी वाजली की अभ्यासाला बसायचं. उरलेलं सगळं भुवयांवर. पोरगी गुणाची, सगळ्या खुणा चटकन शिकली होती.

“मैत्रिणी म्हणायच्या, तुझी काय बाई मजा, बुडबुडी तुमच्या घरी राहते,” लेक म्हणाली. “मीही हो म्हणायचे.” खिडकीतलं ऊन तिच्या पायांवर आलं होतं, तिनं पाय पोटाशी घेतले. “मला ती कधीच आवडली नाही, आई.”

आई तिच्याकडे वळली.

“चित्रं सुंदर होती. पाणी तर असं काढलं होतं, की हात घालावासा वाटायचा. गोष्टीही चांगल्या. पण ती सगळं बोलून टाकायची. सगळ्यांशी. आणि तू रिकामी होऊन घरी यायचीस. मी टीव्हीच्या इतकी जवळ बसायचे, की बाबा ओरडायचे. पण तिनं एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही.”

आतली इस्त्री थांबली होती. जिन्याखालून पुन्हा हाक आली. आईनं आवाज कमी करायला रिमोट उचलला, तर लेकीनं तिचा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “ही माझ्याशी बोलते गं. हिच्यापासून कशी पळू?”