शिफारशीचं कपाट

दुष्काळाच्या साली हट्टा गावच्या जनकाबाईनं वाचनालयाच्या अर्जावर अंगठा उठवला, तसा ग्रंथपाल हसला. “वाचता येत नाही, मग कादंबरी कशाला, बाई?” “खडीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत सून वाचती. आमी बारा बाया ऐकतो.” “ऐकणाऱ्यांना पुस्तक मिळत नाही. शिफारशीच्या कपाटातलं तर नाहीच. तिथली पुस्तकं मी स्वतः पानन् पान वाचून निवडलीत.” जनकाबाईचं माथं भडकलं. तिनं त्याच कपाटातली जाडजूड कादंबरी ओढली आणि उघडायला गेली, तर पानं उघडेनात. छापखान्यातून आली तशीच ती कडेला न कापलेली, पार शेवटपर्यंत जोडलेली होती. तिनं पुस्तक त्याच्या तोंडासमोर धरलं. तो मान खाली घालून शिक्का शोधू लागला. अंबाड्यातला आकडा काढून तिनं पहिली घडी चिरली. “नावावर लिहा,” ती म्हणाली. “आमचं ऐकून झालं की आणून देती. मंग तुमी वाचा.”