हंबीररावांची मान

गेल्या वर्षीच्या तापात मेहमुदाच्या तोंडाची चव गेली, ती परत आलीच नाही. मंगळवार पेठेतल्या तिच्या मिसळीच्या गाडीवर सकाळपासून रांग लागायची, म्हणून तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिली प्लेट तेवढी ती शेजारच्या हंबीररावांना द्यायची, आणि त्यांनी मान डोलावली की बाकीच्यांना वाढायला घ्यायची.

आजही मान डोलली. पण पुढच्याच गिऱ्हाइकानं प्लेट परत सरकवली. "भाभी, कटात मीठच न्हाय की."

मेहमुदा दमून स्टुलावर बसली. "मामा, तुमाला कळलं न्हाय?"

 

"माझी तर चवच गेली गेल्या वर्षीच्या तापात, पोरी. एवढी रांग लागतीया म्हटल्यावर चांगलंच असणार, म्हणून मान हलवत हुतो."