दहाव्याची टाकी

कावळे दिसेनासे झाल्यापासून दहाव्याचा पिंड घाटावरच्या गॅसटाकीत सोडत. प्रत्येक घराला एक लहान टाकी मिळे. आतल्या जंतूंना वीज दिली की भात भराभर पचायचा आणि वरची ज्योत उंच व्हायची. मग गेलेल्याची इच्छा उरली नाही, असं समजून लोक घरी जात.

कुमुदच्या टाकीवरची ज्योत हललीच नाही.

"आई, बाबांना मी सांभाळीन," मुलगा हात जोडून म्हणाला. ज्योत तशीच राहिली.

"ताईला पटलेलं दिसत नाही," कुमुदचा भाऊ पुटपुटला.

टाक्या चालवणाऱ्या शेवंताबाई कुमुदच्या नवऱ्याजवळ, गजाननरावांजवळ आल्या. "अण्णा, थंडीनं यातले जंतू सुस्त झालेत. जरा वीज वाढवते, लगेच उंच होईल. कुणाला कळायचं नाही."

गजाननरावांनी टाक्यांच्या रांगेकडे पाहिलं. पलीकडे आणखी दोन घरची माणसं आपापल्या टाकीवरच्या बुटक्या ज्योतीसमोर ताटकळत होती.

"वाढवू नका," ते म्हणाले. "आधी त्यांचं होऊ दे. ती सगळ्यांना वाढून मगच जेवायला बसायची."

मुलाला त्यांनी घरी पाठवलं आणि स्वतः पायरीवर बसून राहिले.