पुस्तक कुणी धरायचं

"आज तू पुस्तक धर, मी म्हणते," आई म्हणाली आणि तिने आपल्या कामावरच्या कोटावरची इस्त्री उभी करून ठेवली.

मुलाखत अकराला होती. रुग्णालयाच्या लाँड्रीत आईने एकोणीस वर्षं चादरी उकळल्या, पिळल्या, घड्या घातल्या. वाफेने तिच्या हातांची सालं निघायची. सुपरवायझरची जागा मिळाली तर वाफ सुटणार होती. काम एवढंच, की काल काय आलं, काय पाठवलं, काय फाटलं, हे रोज सकाळी मेट्रनला इंग्रजीत सांगायचं. दोन वर्षांपूर्वी ती याच जागेसाठी गेली होती. घेतलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. मुलाखत घेणारे साहेब मध्येच हसले, एवढं तिच्या लक्षात होतं. बाई एवढं फडाफडा इंग्रजी बोलते याचं त्यांना नवल वाटलं असावं, असं ती म्हणायची. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची मुलाखत.

लेकाने पुस्तक उघडलं. त्याचंच, सातवीतलं. क्रियापदांच्या तक्त्याशेजारी एक फिकट डाग होता, तिच्या ओल्या बोटाचा. त्या वर्षी रोज संध्याकाळी कामावरून आल्या आल्या ती हे पुस्तक धरून बसायची आणि तो तक्ता म्हणून दाखवायचा. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. बोट एकेक ओळ खाली सरकायचं, मान डोलायची.

"हं, ऐक," ती म्हणाली. "गो, वेंट. कम, केम. सी, सॉ."

पहिल्या दहा ओळी बिनचूक झाल्या. "बाईसाहेब, आमच्या ऑफिसात येता का?" त्याने थट्टा केली. ती लाजली आणि त्याच दमात पुढे निघाली.

"ब्रिंग, ब्रिंग्ड. सेंड, सेंडेड. टेअर, टेअर्ड."

त्याचं बोट पानावर थांबलं.

ही चाल त्याच्या ओळखीची होती. एका संध्याकाळी खाली पोरं खेळायला बोलावत होती आणि त्याला दिसलं, आईचं बोट भलत्याच ओळीवर आहे. म्हणजे काहीही म्हटलं तरी चालतं. दुसऱ्या दिवसापासून दहा ओळी झाल्या की तो आठवायची तसदी घेईना. दिसेल त्या शब्दाला शेपटी जोडायचा, निम्म्या वेळात तक्ता संपवायचा आणि जिना उतरायचा. आई नुसती पहारा देते, असं तो धरून चालला होता.

घड्याळात दहा वाजून गेले होते.

"आई," तो म्हणाला, "यातलं बरंच चुकलंय गं."

ती हसली. कोटाची कॉलर सपाट करत म्हणाली, "उगाच घाबरवू नकोस मला. परीक्षेत तुला पैकीच्या पैकी पडायचे. सगळं तुझ्याच तोंडून शिकलेय मी, चुकेल कसं?"