मौनाचा सोमवार

“थांबा हो, देवाला आपला कापूर नको!” कारखान्याचे मालक रणदिवे साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक डबी काढली. “हा घ्या. अस्सल भीमसेनी. चौपट किंमत मोजलीय.”

नव्या रिअॅक्टरची पूजा माझ्या हातून व्हावी, ही त्यांचीच इच्छा. माझा मयूरेश तिथे केमिस्ट आहे, तीन वर्षं टेम्पररी. त्याच्या देखरेखीखाली एका टोकाने टर्पेंटाइन आत जातं, दुसऱ्या टोकाने पांढराशुभ्र कापूर बाहेर पडतो. घरी देवापुढे मी तोच लावते.

“साहेब, आपलाही शुद्धच आहे,” मयूरेश हळूच म्हणाला.

“वास घे याचा, वास! एवढंही कळत नाही, आणि म्हणे मला कायम करा.”

माझं सोमवारचं मौन, त्यामुळे मी गप्प. पण उपवासांमुळे प्रत्येक वेष्टनाची मागची बाजू वाचायची सवय लागलेली. डबीवर पुढे सोनेरी देऊळ होतं. मागे बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचा पत्ता होता, आमच्याच कारखान्याचा. त्यावर बोट ठेवून मी डबी साहेबांपुढे धरली.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पूजेला आलेल्या व्यापाऱ्यांकडे एकदा पाहिलं.

“मयूरेश, आईंचं मौन कधी सुटतं रे?”

“सूर्यास्ताला, साहेब.”

“अख्खा चातुर्मास धरा म्हणावं. तुझं कायम झाल्याचं पत्र आजच देतो.”

मी मान डोलावली आणि त्याच डबीतला कापूर पेटवला. मयूरेशच्या हातचा, चौपट किमतीचा.