हात कुठे दाखवायचा

"बाबा, एकच रूल. हात दाखवायचा तो जायच्या वाटेकडे, धोक्याकडे कधीच नाही. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू येणार नाही. तू जिकडे हात करशील, तिकडे मी येणार. ओके?"

मोरेश्वरने मान हलवली. अमेरिकेत रेडमंडमध्ये वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा गृहस्थ. रस्ता विचारला तरी आधी खड्डे सांगणार.

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला हा ओढा, वरच्या डोंगरांवरचा बर्फ वितळला की वर्षातून चार दिवस वाहतो. त्याची लेक कादंबरी आठ वेळा त्यातून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती नाव, घेऊन उतरली होती. पण पाणी दरवेळी नवे ओंडके आणून टाकतं, म्हणून वळणापलीकडचं बघायला कुणीतरी काठाने पुढे जायचं. नेहमीची मैत्रीण तापाने पडली होती. मग काय, बाप!

वळणाखाली मोठा खडक होता. उजवीकडे मोकळी धार. डावीकडे अख्खं झाड आडवं अडकलेलं. फांद्यांतून पाणी जात होतं, माणूस गेलं नसतं.

वरून कादंबरीने वल्हं उंचावलं: सांग.

"झाड! अगं, झाड आहे!" मोरेश्वर बेंबीच्या देठापासून ओरडला आणि हात गेला थेट झाडाकडे.

कादंबरीने मान डोलावली आणि नाव डावीकडे वळवली.

पोरीने क्षणभरही शंका घेतली नव्हती. त्याने दोन्ही हात मोकळ्या धारेकडे फेकले, टोपी उडाली. वल्ह्याच्या चार फटक्यांत नाव गर्रकन फिरली. शेपटाला एक फांदी चाटून गेली, इतकंच.

खाली काठाला लागून ती हसत होती. "बाबा, यू पॉइंटेड अ‍ॅट द ट्री!"

"चुकलं गं. बास झालं आता."

"बास काय यार? लेट दाखवलंस, पण दाखवलंस ना! पुढचं वळण याहून वांड आहे. चल."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून तो पुढे चालू लागला.

पुढच्या वळणावर त्याला आधी पाच खडक दिसले, मग एक भोवरा. हात शिवशिवला. त्याने तो खिशात कोंबला आणि वाट सापडेपर्यंत पाणी बघत राहिला. वर वल्हं थांबून होतं. मग त्याने हात बाहेर काढला आणि मधल्या काळ्याशार धारेवर रोखला.

कादंबरीने नाव सोडली. फेसात दिसेनाशी झाली. मोरेश्वरने हात तसूभर हलवला नाही.

ती तिथूनच आली.